सज्जन, साधू, भला : तुकारामांची शीलवाचक विशेषणे आणि त्यांचे इंग्रजी पर्याय

१

तुकारामांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर तपासताना आपल्याकडील चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. भाषांतर गद्यात असावे की पद्यात, हा एक. आणि विठ्ठल, वारी, टाळ, तुळस हे शब्द तसेच ठेवावेत की त्यांना प्रतिशब्द द्यावेत, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु ज्या शब्दांना इंग्रजीत एक सोडून दहा प्रतिशब्द सापडतात, ते शब्द निरुपद्रवी मानून आपण पुढे जातो. ‘सज्जन’, ‘साधू’, ‘भला’, ‘नम्र’, ‘भोळा’, ‘नाठाळ’ हे माणसाच्या शीलाविषयी निवाडा देणारे शब्द या वर्गात मोडतात. विठ्ठल या नावापाशी भाषांतरकार थबकतो, कारण त्याला प्रतिशब्द नाही. सज्जन या शब्दापाशी तो थबकत नाही, कारण प्रतिशब्द पुष्कळ आहेत. वस्तुतः अनर्थाचा संभव या दुसऱ्या ठिकाणीच अधिक असतो. न भाषांतरलेले नाव वाचकाला निदान आपल्या अज्ञानाची जाणीव देते. चुकीचे विशेषण मात्र समजल्याचे समाधान देऊन जाते.

प्रस्तुत टिपणाचा हेतू मर्यादित आहे. समानार्थी भासणाऱ्या इंग्रजी विशेषणांतून एकाची निवड कोणत्या कसोटीवर करावी, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. आणि देहूच्या कवीचे शब्द ही त्याची उदाहरणे आहेत. या निवडीत केवळ शैलीचा प्रश्न गुंतलेला नाही. तुकारामांनी ज्या मापाने माणसे मोजली ते माप इंग्रजीत शिल्लक राहते की नाही, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२

या भाषांतरांचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. तरी तो थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मुंबई सरकारच्या आश्रयाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली संपादिलेली गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्यानंतर जे. नेल्सन फ्रेझर आणि के. बी. मराठे यांचे ‘द पोएम्स ऑफ तुकाराम’ हे गद्य भाषांतर १९०९ ते १९१५ या काळात तीन खंडांत मद्रासहून निघाले. निकल मॅक्निकल यांचा पद्यानुवाद ‘साम्स ऑफ मराठा सेंट्स’ या नावाने १९१९ साली आला. जस्टिन अ‍ॅबट यांनी ‘पोएट-सेंट्स ऑफ महाराष्ट्र’ या मालेत १९३० साली महीपतींच्या आधारे तुकारामचरित्र इंग्रजीत दिले. दिलीप चित्रे यांचे ‘सेज तुका’ १९९१ साली प्रसिद्ध झाले.

या नावांकडे नुसते पाहिले तरी निवडीचा प्रश्न समोर उभा राहतो. मॅक्निकल यांनी अभंगाला ‘साम’ म्हटले. त्या एका शब्दाने अभंग बायबलातील स्तोत्रांच्या शेजारी जाऊन बसला. अ‍ॅबट यांनी ‘कवी’ आणि ‘सेंट’ यांचा जोडशब्द पत्करला. चित्रे यांनी अभंगाच्या नाममुद्रेलाच ग्रंथनाम केले आणि उपाधी सोडून दिली. फ्रेझर-मराठे यांनी ‘पोएम्स’ हा सर्वांत निःपक्ष शब्द वापरला. यांपैकी कोणाचीही निवड अजाणता झाली असे म्हणण्याचे कारण नाही. शीर्षकात एकच शब्द निवडावयाचा असतो, म्हणून तेथे विचार होतो. गाथेत मात्र अभंगांची संख्या साडेचार हजारांवर आहे, आणि तेथे प्रत्येक विशेषणाला शीर्षकाइतका विचार मिळणे कठीण असते.

‘संत’ आणि ‘सेंट’ यांची जोडी हे या धोक्याचे पहिले उदाहरण होय. ध्वनी जुळतो, अर्थही जुळल्यासारखा वाटतो. परंतु ‘संत’ हा शब्द संस्कृत ‘सत्’ या शब्दाच्या अनेकवचनातून आलेला आहे. ‘सेंट’ लॅटिनमधील ‘सांक्तुस’, म्हणजे पावन करून वेगळे ठेवलेला, यावरून आला. दोहोंत नाते नाही; साम्य योगायोगाचे आहे. एका शब्दात अस्तित्वाचा, खरेपणाचा भाव आहे. दुसऱ्यात कोणीतरी केलेल्या संस्काराचा भाव आहे, आणि रोमन चर्चमध्ये ही पदवी रीतसर चौकशीनंतर दिली जाते. इंद्रायणीकाठच्या वाण्याला अशी पदवी देणारे पीठ नव्हते. धर्माचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांनी तर त्याचा बोलण्याचा हक्कच नाकारला, असे परंपरा सांगते.

३

आता कसोटीकडे वळू. विद्यार्थी प्रथम कोशाकडे जातो, आणि ते योग्यच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. अशा कोशाचे काम शब्दापुढे पर्यायांची रांग उभी करणे हे आहे. रांगेतील कोणाला आत घ्यावे, हे सांगणे त्याचे काम नाही. इंग्रजीतील समानार्थी शब्दांचे ग्रंथ त्यापुढे एक पाऊल टाकतात. जॉर्ज क्रॅब यांनी १८१६ साली आपल्या ग्रंथात असे शब्द शेजारी ठेवून त्यांतील भेद उलगडण्याची रीत रूढ केली. पण तो भेद इंग्रजीच्या अंतर्गत व्यवहारातील आहे. ‘व्हर्च्युअस’ आणि ‘राइचस’ यांत काय फरक आहे, हे त्यातून कळेल. देहूच्या ‘सज्जना’ला त्यांपैकी कोणता लागू पडतो, हे कळणार नाही.

आपल्या शास्त्रपरंपरेत या प्रश्नावर एक उपयुक्त सूचना आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, याची जी यादी भर्तृहरीने वाक्यपदीयात दिली आणि मम्मटाने पुढे काव्यप्रकाशात घेतली, तीत साहचर्याप्रमाणेच ‘विरोधिता’ हेही एक गमक सांगितले आहे. राम आणि अर्जुन ही नावे परस्परांचे वैरी म्हणून एकत्र आली की राम म्हणजे परशुराम आणि अर्जुन म्हणजे कार्तवीर्य, हे आपोआप ठरते. शब्द कोणाविरुद्ध उभा आहे हे कळले की तो कोण आहे हे कळते.

हीच कसोटी एका शब्दाच्या अनेक अर्थांवरून एका अर्थाच्या अनेक शब्दांवर आणता येईल. ‘सज्जन’ला इंग्रजी काय, असे न विचारता प्रथम विचारावे : या अभंगात सज्जन कोणाविरुद्ध उभा आहे? मग प्रत्येक इंग्रजी विशेषणाला तोच प्रश्न करावा. ज्याचा विरोधक तोच, ते विशेषण घ्यावे. शीलवाचक शब्दांना ही कसोटी विशेष लागू पडते, कारण असा शब्द उच्चारणारा माणूस बहुधा मनात कोणालातरी नाकारीत असतो.

४

पीडितांना जो आपले मानतो तोच साधू आणि देव तेथेच जाणावा, असा ज्याचा आशय आहे, तो सर्वपरिचित अभंग घेऊ. त्यात ‘साधू’ आणि ‘सज्जन’ हे दोन्ही शब्द येतात. सज्जनांच्या चित्ताला लोण्याची उपमा आहे, आणि लोणी आतून बाहेरून सारखेच मऊ असते, हे त्या उपमेचे मर्म आहे. पुढे, मुलावर जशी दया तशीच घरच्या दासदासींवर, असे लक्षण सांगितले आहे.

येथे इंग्रजी पर्याय कोणते संभवतात? ‘राइचस’ या शब्दाचा विरोधक पापी मनुष्य आहे. त्या शब्दामागे ईश्वरी नियम आणि त्यापुढे निर्दोष ठरणे ही कल्पना आहे. या अभंगात नियमशास्त्र नाही. ‘पायस’चा विरोधक अधार्मिक मनुष्य, शिवाय आधुनिक इंग्रजीत या शब्दाला देखाव्याचा वास येऊ लागला आहे, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तुकाराम बोलत आहेत त्याच्याच बाजूला तो झुकला आहे. ‘व्हर्च्युअस’चा विरोधक दुर्व्यसनी, स्त्रीविषयी वापरला असता त्याचा अर्थ पुष्कळदा केवळ पातिव्रत्यापुरता उरतो. ‘ऑनेस्ट’चा विरोधक खोटे बोलणारा किंवा चोरणारा, व्यवहारातील सचोटी त्यात आहे, दया नाही.

लोण्याच्या उपमेने विरोधक स्पष्ट केला आहे. ज्याचे बाहेरचे मऊ आणि आतले कठीण, तो. एका शब्दात, दांभिक. मग ‘सिन्सिअर’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटू लागतो, कारण त्याचा विरोधक ढोंगी हाच आहे. तथापि त्याची निवड येथे करू नये, असे मला वाटते. आतबाहेर सारखेपणा उपमेने सांगितला आहे, दया दासदासींच्या उल्लेखाने सांगितली आहे. विशेषणाने तीच गोष्ट पुन्हा सांगितली तर उपमेला काम उरत नाही. येथे ‘गुड’ हा इंग्रजीतील सर्वांत साधा शब्द पुरेसा आहे. तो काहीच सांगत नाही, म्हणून अभंगाला सारे सांगू देतो.

उलट, अंगाला राख फासणारे, माळा मिरवणारे आणि आत विषय जपणारे यांच्यावर तुकारामांनी जेथे कोरडे ओढले आहेत, तेथे ‘साधू’ या शब्दामागे ‘खरा’ हे विशेषण अध्याहृत असते. तेथे ‘गुड’ दुबळा पडतो. ‘ट्रू’ किंवा ‘जेन्युइन’ असा, खोट्याला जागा दाखवणारा शब्द हवा.

यावरून एक नियम हाती येतो. विरोधी पद अभंगात उघड असेल, तर विशेषण साधे घ्यावे. विरोधी पद अभंगात नसून देहूच्या परिस्थितीत गृहीत असेल, तर ते पद इंग्रजी वाचकाच्या मनात जागे करील असे विशेषण घ्यावे.

मेणाहून मऊ आणि वज्राला भेदणारे असे विष्णुदासांचे वर्णन ज्या अभंगात आहे, तेथे हा नियम पडताळून पाहता येतो. मऊपणासाठी ‘मीक’ हा शब्द पुढे येईल. व्युत्पत्तीने तर तो आपला हक्कच सांगेल, कारण ज्या जुन्या नॉर्स शब्दापासून तो आला त्याचा मूळ अर्थ ‘मऊ’ असाच आहे. परंतु १६११ च्या इंग्रजी बायबलाने गिरिप्रवचनात त्याला जे स्थान दिले, आणि पुढील व्यवहाराने त्यात जी शरणागती भरली, त्यामुळे ‘मीक’ मनुष्य वज्र भेदील ही कल्पनाच इंग्रजीत विसंगत होते. विरोधी पद, म्हणजे कठोरता, अभंगाने त्याच माणसात ठेवले आहे. म्हणून येथेही ‘सॉफ्ट’ हा साधा शब्द चालेल, ‘मीक’ चालणार नाही. व्युत्पत्ती शब्दाचे कूळ सांगते. शब्द आज कोणाशी वैर धरून आहे ते सांगत नाही.

त्याच अभंगात पुढे ‘भला’ आणि ‘नाठाळ’ समोरासमोर आहेत. भल्याला अंगावरचे वस्त्रही द्यावे आणि नाठाळाच्या डोक्यात काठी घालावी, असा भाव आहे. ‘नाठाळ’ला ‘विकेड’ म्हटले तर पापपुण्याचा हिशेब सुरू होतो. मराठीत नाठाळ बैल असतो, नाठाळ घोडा असतो. त्यांना कोणी पापी म्हणत नाही. समजावून वळत नाही, हा त्यांचा दोष. म्हणून ‘पर्व्हर्स’ किंवा ‘अनरूली’ हे शब्द अधिक जवळचे, आणि त्यांच्यासमोर भल्यासाठी ‘डीसंट’ हा शब्द शोभेल.

५

आतापर्यंतचा विचार अर्थच्छटांचा झाला. यापुढील मुद्दा अधिक गंभीर आहे. इंग्रजीतील शीलवाचक विशेषणांचा एक मोठा गट मूळचा दर्जावाचक आहे. ‘नोबल’ म्हणजे मुळात प्रख्यात, उच्च कुळातील. ‘जंटल’ म्हणजे चांगल्या घराण्यातील. ‘बेस’ म्हणजे खालचा, ‘मीन’ म्हणजे सामान्यांपैकी. ‘व्हिलन’ हा शब्द तर जमीनदाराच्या वाडीवर राबणाऱ्या शेतकऱ्याचा वाचक होता, आणि ‘चर्लिश’ या विशेषणाच्या पोटातही तसाच सामान्य शेतकरी आहे. सी. एस. लुइस यांनी १९६० साली ‘स्टडीज इन वर्ड्स’ या ग्रंथात दर्जाचे शब्द नीतीचे शब्द कसे होतात, याकडे लक्ष वेधले आहे. वरच्या वर्गाने आपल्या नावाला सद्गुणाचा अर्थ दिला आणि खालच्याच्या नावाला दुर्गुणाचा.

मराठी या बाबतीत निर्दोष नाही. ‘कुलीन’, ‘घरंदाज’ हे आपले स्तुतीचे शब्द. ‘नीच’, ‘हीन’, ‘ग्राम्य’, ‘कुणबट’ हे निंदेचे. तथापि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तुकारामांचे स्तुतीचे मुख्य शब्द या गटातील नाहीत. ‘संत’ आणि ‘सज्जन’ यांच्या मुळाशी ‘सत्’ आहे. ‘साधू’च्या मुळाशी ‘साध्’ हा धातू आहे. कूळ त्यांत कोठेही नाही.

हे केवळ शब्दव्युत्पत्तीचे कुतूहल नव्हे. शूद्राने वेदार्थ बोलू नये, असा वाघोलीच्या रामेश्वर भटांचा आक्षेप होता, असे परंपरा सांगते. त्यातूनच वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा निर्माण झाली. म्हणजे चांगला कोण, हे जन्मावरून ठरते की वागण्यावरून, हा वाद देहूत पुस्तकी नव्हता; त्याचे मोल कवीने भोगले होते. देवाने आपल्याला कुणबी केले हे बरेच झाले, नाहीतर दंभानेच आपला घात झाला असता, अशा आशयाचा अभंग त्या संदर्भात वाचावा. त्यात दोन्ही सूत्रे एकत्र येतात. दंभ हा शीलाचा शत्रू, आणि उच्च जन्म व विद्या ही दंभाची वाट. लोण्याच्या उपमेच्या अभंगातही पुत्र आणि दास यांना एकाच दयेखाली आणून घरातील दर्जा पुसला आहे.

अशा कवीच्या ‘सज्जना’ला ‘नोबल’ म्हणणे म्हणजे त्याने पुसलेली रेघ इंग्रजीत पुन्हा ओढणे होय. त्याच्या ‘खळा’ला ‘व्हिलन’ किंवा ‘बेस’ म्हणणे हे त्याहून विपरीत. कारण कुणब्याच्या तोंडी दुष्टासाठी जो शब्द घातला, त्याचा मूळ अर्थ कुणबी असाच होतो. ‘जंटल’ची गोष्ट थोडी निराळी आहे. एकट्या विशेषणात आज कुळाचा भाव जवळजवळ उरलेला नाही; पण ‘जंटलमन’ या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे. म्हणून लोण्यासाठी ‘जंटल’ क्षम्य मानता येईल, ‘सज्जन’साठी ‘जंटलमन’ नव्हे. तो शब्द सभेतील ‘गृहस्थहो’ला ठीक आहे.

यावर कोणी म्हणेल, मग दर्जावाचक शब्द सर्वत्रच टाळावेत. तसे नाही. आपल्याला लहानपण द्यावे अशी तुकारामांची देवाकडे मागणी आहे. मुंगीला साखर मिळते आणि ऐरावताला अंकुशाचा मार. महापुरात मोठी झाडे वाहून जातात आणि लव्हाळे टिकून राहते. या लहानपणासाठी ‘हंबल’ हा शब्द सर्वांत योग्य आहे. लॅटिनमध्ये ‘हुमिलिस’ म्हणजे जमिनीलगतचा. तो लव्हाळ्याला शोभतो, मुंगीलाही शोभतो. शिवाय इंग्रजीत ‘हंबल’ वृत्तीने नम्र असतो तसा जन्मानेही लहान असतो. दोन्ही अर्थ त्या शब्दात अद्याप एकत्र नांदतात. ‘मॉडेस्ट’ घेतला तर मोठा असून मोठेपणा न दाखवणारा, एवढेच उरते आणि लहान जन्माचा अर्थ गळतो. तुकारामांचे लहानपण हे मोठ्या माणसाने पांघरलेले सौजन्य नाही. जगाने लादलेले लहानपण त्यांनी उलटून देवाकडे मागितले आहे. तेव्हा दुसऱ्याच्या स्तुतीत कुळाची छटा नसलेले विशेषण घ्यावे. स्वतःच्या लहानपणाच्या उच्चारात ती छटा असलेले घ्यावे. एकाच कवीच्या बाबतीत हे दोन परस्परविरुद्ध नियम लागू पडावेत, यात विसंगती नाही. त्याचे जगाशी असलेले भांडणच त्यात दिसते.

६

‘भोळा’ या शब्दाचा येथे उल्लेख करणे इष्ट आहे, कारण तेथे कसोटी न लावल्यास हमखास चूक होते. रोजच्या मराठीत भोळ्याचा विरोधक चाणाक्ष असतो, म्हणून ‘क्रेड्युलस’ किंवा ‘नाईव्ह’ हे शब्द सुचतात. संतवाङ्मयात भोळा भाव आहे, भोळे भक्त आहेत, आणि देवही भोळा आहे. देवाला ‘नाईव्ह’ म्हणता येणार नाही. तेथे भोळ्याचा विरोधक कपटी हा आहे. ‘गाइललेस’, म्हणजे कपटरहित, हा शब्द देवालाही चालतो आणि भक्तालाही. एकच विशेषण दोघांना लागावे ही मूळची गरज आहे. ती ज्या शब्दाने भागत नाही तो शब्द, कोशात असला तरी, त्याज्य समजावा.

७

या पद्धतीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रत्येक अभंग स्वतंत्र आहे, निरनिराळ्या गाथांत त्यांचा क्रम निरनिराळा आहे, आणि चाकणच्या संताजी जगनाड्यांच्या नावाने चालत आलेल्या वह्यांपासून पंडितांच्या आवृत्तीपर्यंत पाठभेदही आहेत. मग एका अभंगातील विरोधक दुसऱ्यात कसा गृहीत धरावा? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच प्रथम त्या अभंगात, मग त्याच शब्दाच्या इतर प्रयोगांत, आणि सर्वांत शेवटी चरित्रपरंपरेत विरोधक शोधावा. हा क्रम उलटा करू नये. चरित्रकथा महीपतींच्या लेखणीतून आलेल्या आहेत, आणि त्यांतील माणसे अभंगात ओढून आणणे हा दुसऱ्या प्रकारचा अनर्थ होईल.

दुसरा आक्षेप असा की आजच्या इंग्रजी वाचकाला ‘नोबल’ शब्दात कूळ दिसत नाही. मेलेली छटा आपण उगीच उकरून काढतो. काही शब्दांपुरते हे खरे आहे, आणि ‘जंटल’विषयी ते वर मान्यही केले आहे. परंतु इंग्रजी वाचक तुकारामांविषयी जी पहिली गोष्ट प्रस्तावनेत वाचतो, ती त्यांच्या जातीची असते. कूळ एकदा डोळ्यांपुढे आल्यावर ‘नोबल’ आणि ‘बेस’ यांतील झोपलेला अर्थ जागा होतो. प्रस्तावना एक सांगते आणि विशेषण दुसरे, अशी स्थिती होते. आणि वाचकाच्या ओठांवर राहते ते विशेषण.

८

निष्कर्ष थोडक्यात असा. शीलवाचक विशेषणाची निवड करताना प्रथम मूळ शब्दाचा विरोधक ठरवावा. तो अभंगात उघड असेल तर इंग्रजी शब्द साधा असावा. गृहीत असेल तर इंग्रजी शब्दाने त्याला जागे करावे. व्युत्पत्तीला साक्षीदार करावे, न्यायाधीश करू नये. आणि दर्जावरून नीतीकडे आलेल्या शब्दांबाबत, बोलणारा दुसऱ्याविषयी बोलतो आहे की स्वतःविषयी, हे पाहिल्याशिवाय लेखणी उचलू नये.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. भाषांतराच्या वहीत मूळ शब्दापुढे पर्यायांची रांग लिहिण्यापूर्वी त्याचा विरोधी शब्द लिहावा, आणि तो मराठीत लिहावा. देहूच्या गाथामंदिरात अभंग भिंतींवर कोरलेले आहेत. तेथे फिरताना एखादा शब्द कोठे कोठे आला आहे आणि त्याच्या समोर प्रत्येक वेळी कोण उभा आहे, हे पाहत जावे. दंभ आणि कूळ यांची गाठ पुनःपुन्हा पडेल. जे इंग्रजी विशेषण यांपैकी कोणाचीही नकळत बाजू घेते, ते कितीही सुंदर असले तरी या कवीचे नव्हे.